मोपाहून उडालं आणि योक ओढला तरी नाक वर येईना: एका ट्रेनिंग फ्लाइटचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मी तिघांकडून ऐकलंय. इन्स्ट्रक्टरांकडून म्हापशात चहा पिता पिता, स्टुडंटकडून फोनवर, आणि नंतर ज्याने विमानाची शेपटी उघडली त्या इंजिनिअरकडून. नावं, रजिस्ट्रेशन, फ्लाइंग स्कूल सगळं गाळलंय. एवढंच सांगतो की जानेवारी २०२३ ला मोपाचा विमानतळ सुरू झाला त्यानंतरची ही गोष्ट आहे. मी स्वतः मेंटेनन्सवाला, त्यामुळे शेवटी शेवटी थोडा चिडून लिहिलंय, सांभाळून घ्या.

विमान सेसना १७२. स्कूल महाराष्ट्रातलं, पण इन्स्ट्रक्टर मूळचे साखळीचे आणि स्टुडंट पेडण्याची, म्हणजे गोव्याला क्रॉस-कंट्री (लांबची ट्रेनिंग फ्लाइट) लावली तेव्हा दोघंही खूश होते. तिचे कमर्शियल लायसन्सला लागणाऱ्या २०० तासांपैकी निम्म्याहून जास्त झालेले. आदल्या दुपारी मोपाला उतरले, रात्री मुक्काम, तिचं घर तिथून जवळच, त्यामुळे आईने रात्री जेवायला सरांनाही बोलावलं, हुमण-भात आणि वर सोलकढी. सकाळी साडेनवाच्या आसपास परत निघाले, किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ला, मालवण, रत्नागिरी असा रूट. जानेवारीतली सकाळ, पूर्वेकडून अगदी हलका वारा, समुद्रावर थोडं धुरकट.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. त्या विमानाचं आठवडाभर आधी इन्स्पेक्शन झालं होतं आणि त्यात एलेव्हेटरची, म्हणजे शेपटीवरच्या नाक वर-खाली करणाऱ्या हलत्या फळीची, एक केबल बदलली होती. कागदावर एंट्री होती, सह्या दोन होत्या.

काय झालं

टेकऑफ नॉर्मल. टेकऑफच्या आधी 'फुल अँड फ्री' चेक केला, योक (विमान चालवायचं हँडल) पूर्ण पुढे, पूर्ण मागे, मागे वळून एलेव्हेटर हलताना पाहिला, सगळं बरोबर. तेरेखोल नदीचं मुख ओलांडून शिरोड्याच्या जवळ आले तेव्हा ३,५०० फुटांवर लेव्हल करायचं होतं. तिने योक पुढे ढकलून नाक खाली घेतलं, पॉवर कमी केली, ट्रिम केलं (म्हणजे चाक फिरवून विमान योक न धरताही सरळ राहील असं बसवलं), आणि मग जरा उंची कमी होतेय म्हणून योक किंचित मागे ओढला. योक आला मागे, नाक काही आलं नाही. आणखी ओढला. आणखी आला, एकदम हलका, हाताला काही वजनच नाही.

"सर, योक ढिला लागतोय."

सरांना आधी वाटलं पोरगी ट्रिम विसरली असणार. "सोड गो, मी घेतो," म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा योक धरला, तीन-चार वेळा पुढे-मागे केला. पुढे ढकललं की नाक खाली जातंय. मागे ओढलं की काहीच नाही. हात सोडले की विमान आपलं सरळ, ट्रिम जिथे आहे त्या स्पीडला जाऊन बसतंय.

ते तीन-चार वेळा हलवणं हा माझ्या मते पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो निर्णय म्हणून घेतलाच गेला नाही, हाताने आपोआप केला. एलेव्हेटरला दोन केबल असतात, एक वर ओढणारी, एक खाली ओढणारी. यातली 'वर'वाली सुटली असेल तर योक मागे नेल्यावर दुसरी केबलही सैल पडते, आणि सैल केबल पुलीवरून उतरू शकते, कशाततरी अडकू शकते. म्हणजे अर्धा चालणारा कंट्रोल हलवून हलवून पूर्ण जाम करून ठेवायची सोय. कुतूहल समजू शकतो, पण एकदा कळलं की बास. सरांच्याही हे लवकर लक्षात आलं आणि त्यांनी दोघांसाठी नियम केला की योक फक्त डावी-उजवीकडे वळवायचा, पुढे-मागे अजिबात नाही.

जाम की सुटलेलं

या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे आणि बहुतेक पायलट इथेच गडबडतील असं मला वाटतं.

एलेव्हेटर चालत नाही म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच उत्तर असतं, ट्रिम वापर. बरोबर आहे, पण कसं वापरायचं ते बिघाड कुठला आहे यावर ठरतं. १७२ च्या उजव्या एलेव्हेटरच्या मागच्या कडेला एक छोटी फळी असते, ट्रिम टॅब. ट्रिमचं चाक 'नोज अप'कडे फिरवलं की टॅब खाली जातो, हवा टॅबला वर ढकलते, टॅबबरोबर एलेव्हेटर वर जातो, शेपटी दबते आणि नाक उठतं. हे सगळं एलेव्हेटर मोकळा असेल तरच. एलेव्हेटर जर जाम झाला असेल, जागचा हलतच नसेल, तर तो टॅब स्वतःच एक चिमुकला एलेव्हेटर बनतो, आणि खाली गेलेला टॅब शेपटी वर उचलतो. म्हणजे तुम्ही 'नोज अप' फिरवताय आणि नाक खाली! ट्रिम उलटं चालतं. जमिनीपासून शंभर फुटांवर हे पहिल्यांदा कळलं तर संपलंच.

सरांना हे माहीत होतं, पण त्यांनी डोक्यात उत्तर काढून त्यावर विसंबून राहायचं नाही असं ठरवलं आणि हे मला फार आवडलं. योक सैल आहे म्हणजे जाम नाही, सुटलंय, म्हणजे ट्रिम सरळ चालणार, हा झाला तर्क. तरी त्यांनी ट्रिमचं चाक अगदी बोटभर 'नोज अप' फिरवलं आणि दोघांनी क्षितिजाकडे बघितलं. नाक वर आलं, स्पीड दोन-तीन नॉटने उतरला. परत खाली फिरवलं, नाक खाली. ठरलं, सरळ चालतंय.

रेडिओ

सरांनी मोपाला सांगितलं की टेक्निकल प्रॉब्लेम आहे, परत येतोय. बस एवढंच. टॉवरला काय कळणार, त्यांच्या लेखी एक छोटं विमान परत येतंय आणि एक मोठं जेट अप्रोचला आहे, त्यांनी सांगितलं अमुक ठिकाणी ऑर्बिट मार. आता ऑर्बिट म्हणजे वळण, आणि वळणात नाक खाली पडतं ते आपण नेहमी योक मागे ओढून सावरतो, जे इथे होणार नव्हतं. सर म्हणाले "अनेबल" (जमणार नाही), मग "पॅन-पॅन" (तातडीचा इशारा, पण मेडे या जिवावरच्या संकटाच्या हाकेहून खालचा), आणि टॉवरने नक्की काय झालंय विचारल्यावर कुठे "मेडे, एलेव्हेटर कंट्रोल नाही".

यावर माझं आणि सरांचं अजून पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, विमान उडत होतं, तेल भरपूर होतं, घाबरवायला कशाला. माझं म्हणणं, तीन मुख्य कंट्रोलपैकी एक निम्मा गेलाय, ही मेडेच आहे, आणि पहिल्याच वाक्यात मेडे म्हटलं असतं तर नंतरची प्रश्नोत्तरं वाचली असती. मेडे म्हणायला आपल्याकडे लोक लाजतात, नंतर कागदपत्रं करावी लागतील म्हणून. कागदपत्रं तशीही झालीच. मेडे म्हटल्यावर मात्र टॉवरने झटपट जेटला बाजूला काढलं, फायर टेंडर बाहेर आणले आणि विचारलं, तुम्हाला काय हवंय ते सांगा.

कुठे उतरायचं

त्या क्षणी शिरोड्याजवळ होते. मागे मोपा ११-१२ नॉटिकल मैल. पुढे परुळ्याचा चिपी विमानतळ १६ च्या आसपास. गोव्याचा दुसरा विमानतळ दाबोळी २५.

दाबोळी लगेच बाद झालं, रनवे लांब आहे, नेव्हीचा बंदोबस्त आहे, पण लांब पडतं आणि सकाळी तिथे नेव्हीचं फ्लाइंग असतं. समुद्रात किंवा बीचवर उतरायचा विचारही झाला नाही. हरमल-केरीच्या बीचवर जानेवारीत पाय ठेवायला जागा नसते आणि पाण्यात उतरताना तर नाक नेमकं किती वर हवं यावरच सगळं असतं.

खरी चर्चा मोपा की चिपी. स्टुडंटचा कल चिपीकडे होता आणि तिचं कारण वेडगळ नव्हतं: चिपी नाकासमोर आहे, मोठं वळण घ्यावं लागणार नाही, ट्रॅफिक जवळजवळ नाही, २,५०० मीटरचा रनवे १७२ ला अजीर्ण होईल एवढा. सरांनी मोपा धरलं. रनवे आणखी लांब, साडेतीन किलोमीटरच्या घरातला. फायर सर्व्हिस नक्की तयार. आणि त्यांचा तिसरा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो, वारा पूर्वेचा होता आणि मोपाचा रनवे साधारण पूर्व-पश्चिम. डावीकडे समुद्रावर एकच मोठं वळण घेतलं की आपोआप पश्चिमेकडून लांबलचक सरळ फायनल (रनवेकडे जाणारा शेवटचा टप्पा) मिळते, पुन्हा वळायची गरज नाही.

एक धोका दोघांनीही बोलून दाखवला. मोपा पठारावर आहे. पूर्वेचा वारा पठारावरून येऊन पश्चिमेच्या कडेला खाली उतरतो, म्हणजे नेमकं रनवेच्या सुरुवातीला विमान दाबलं जाणार. हलका वारा असला तरी ज्याच्याकडे योक ओढायची सोय नाही त्याला थोडं दाबलं गेलं तरी पुरे. म्हणून ठरवलं की रनवेच्या तोंडाशी उतरायचंच नाही, आत एक-तृतीयांशावर टेकायचं. रनवे लांब असण्याचा खरा फायदा हा, थांबायला जागा मिळते त्यापेक्षा सुरुवातीची वाईट जागा सोडून देता येते.

समुद्रावरची तालीम

वळण पंख जेमतेम दहा डिग्री कलवून घेतलं, थोडी पॉवर वाढवून. मग तेरेखोलच्या पश्चिमेला समुद्रावर ३,५०० फुटांवरच त्यांनी लँडिंगची तालीम केली.

ती मधल्या वेळात मॅन्युअल चाळत होती. चेकलिस्टच्या छोट्या कार्डावर यातलं काही नव्हतं. सेसनाच्या हँडबुकात मात्र इमर्जन्सीच्या विस्तृत भागात 'एलेव्हेटर कंट्रोलशिवाय लँडिंग' असा एक परिच्छेद आहे, मॉडेलप्रमाणे आकडा थोडा बदलतो, पण साधारण ६०-६५ नॉट, फ्लॅप (पंखामागच्या खाली येणाऱ्या पट्ट्या) २० डिग्री, लेव्हल फ्लाइटला ट्रिम करा, मग ट्रिमला हात लावू नका, फक्त पॉवरने उतरा. आणि शेवटची ओळ सगळ्यात मोलाची: टेकताना पॉवर काढली की नाक खाली पडतं आणि नोजव्हील आधी आपटू शकतं, म्हणून त्या वेळी ट्रिम पूर्ण नोज अपकडे न्या आणि पॉवर अशी सांभाळा की विमान जमिनीला समांतर होऊन टेकेल. तिने हा परिच्छेद मोठ्याने दोनदा वाचला. सरांनी तो कधीकाळी वाचला होता, पण अर्धाच लक्षात होता, हे त्यांनीच सांगितलं.

आधी फ्लॅप १०. सेसनात फ्लॅप खाली आले की नाक वर उठतं, ते ट्रिमने बसवलं. मग २०, परत तेच. इथे एक मजा झाली, म्हणजे तेव्हा मजा नसणार. स्पीड ६५ वर आणायला सर पॉवर कमी-जास्त करत होते आणि विमान झोपाळ्यासारखं हेलकावे खायला लागलं, नाक वर स्पीड कमी, नाक खाली स्पीड जास्त, आणि प्रत्येक दुरुस्ती झोक्याला आणखी धक्का देत होती. ती म्हणाली, "सर, आपण जरा वेळ काहीच नको करूया." थांबले. दोन-तीन झोके झाले आणि विमान स्वतःच शांत झालं. त्यानंतर नियम ठरला, पॉवर बदलायची ती छोटी, आणि बदलली की परिणाम दिसेपर्यंत हात गप्प. लेव्हलला किती आरपीएम, मिनिटाला ३०० ते ३५० फूट उतरायला किती, हे तिने गुडघ्यावरच्या पॅडवर लिहून घेतलं.

पुढचा प्रश्न हातांचा. सर उजव्या सीटवर, म्हणजे थ्रॉटल आणि ट्रिमचं चाक दोन्ही त्यांच्या एकाच डाव्या हाताला. टेकताना दोन्ही एकाच वेळी लागणार. मग वाटून घेतलं: थ्रॉटल, रडर आणि योकची डावी-उजवी हालचाल सरांकडे, ट्रिमचं चाक तिच्या उजव्या हातात, डावा हात मांडीवर. सर "ट्रिम" म्हणाले की तिने चाक नोज अपकडे फिरवायचं, "थांब" म्हणाले की थांबायचं. हवेतच एका उंचीला रनवे समजून दोनदा करून पाहिलं आणि कळलं की चाक फिरवल्यावर नाक लगेच येत नाही, मध्ये एक दम जातो. म्हणजे नेहमीपेक्षा आधी सुरू करावं लागणार.

शेवटचं ठरवायचं राहिलं ते गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर जाणं. पूर्ण पॉवर म्हणजे नाक उसळणार, त्यात फ्लॅप २०, ट्रिम वर. योक पुढे ढकलणं चालत होतं, पण सैल केबलवर किती भरवसा ठेवायचा? २०० फुटांच्या वर काही आवडलं नाही तर जाऊ, त्याखाली जे होईल ते रनवेवर, असं आधीच बोलून ठेवलं.

लँडिंग

फायनल लांब, पापीचे (रनवेशेजारच्या, उतरताना उंची बरोबर आहे का दाखवणाऱ्या दिव्यांचे) दोन पांढरे दोन लाल, म्हणजे बरोबर, जवळजवळ शेवटपर्यंत. पठाराची कडा आली तेव्हा अपेक्षेप्रमाणे विमान बसलं, तीन लाल झाले, सरांनी शंभरेक आरपीएम वाढवले आणि वाट पाहिली. दोघंही सांगतात की ती वाट पाहणं सगळ्यात अवघड होतं, कारण हात योक ओढायला शिवशिवत होते. तिने तर डावा हात मांडीखाली दाबून ठेवला होता.

रनवेच्या आत बरंच गेल्यावर "ट्रिम". तिने चाक फिरवलं, एक दम, नाक आलं. सरांनी पॉवर हळूच काढली, मागची चाकं टेकली आणि विमान परत उडालं, फार नाही, चार-पाच फूट. सरांनी थोडी पॉवर ठेवली, परत टेकलं, मग थ्रॉटल पूर्ण बंद, नोजव्हील जरा जोरात खाली आलं. ब्रेक, थांबलं, इंजिन बंद, दोघं बाहेर. नंतर फायरवॉल, नोजस्ट्रट, प्रोपेलर तपासला, काही नुकसान नाही. विमान ओढून न्यावं लागलं, तोवर रनवे बंद आणि एक-दोन जेट वर घिरट्या घालत होती. नियमाप्रमाणे वर कळवलं गेलं.

शेपटीत काय सापडलं

शेपटीच्या आत जिथे केबल बेलक्रँकला (एलेव्हेटर हलवणाऱ्या तरफेला) जोडतात तिथला बोल्ट जागेवर नव्हता. कॅसल नट तळाशी पडलेला, बोल्टही. नट सुटू नये म्हणून त्यातून जी स्प्लिट पिन घालतात ती घातलीच नव्हती, तुटलेला तुकडाही नाही. म्हणजे केबल बदलली, नट घट्ट केला, आणि पिन राहिली. इंजिनच्या थरथरीने नट आठवडाभर फिरत फिरत उतरला. फुल अँड फ्री चेकमध्ये हे दिसत नाही, नट अर्ध्या आट्यावर असला तरी एलेव्हेटर झकास हलतो, त्यामुळे पायलटांना इथे बोल लावू नये.

कंट्रोलच्या कामाला ड्युप्लिकेट इन्स्पेक्शन असतं ते याचसाठी, एकाने केलं ते दुसऱ्याने स्वतंत्र बघायचं. दुसरी सही होती. दुसऱ्याने टॉर्च आणि आरसा घेऊन त्या पॅनेलमध्ये डोकं घातलं होतं का, याचं उत्तर ज्याने सही केली त्यानेही सरळ दिलं नाही. फेब्रुवारी २००० मध्ये कॅलिफोर्नियात एमरी कंपनीचं डीसी-८ मालवाहू विमान पडलं, तिघं गेले, तिथेही एलेव्हेटरच्या टॅबच्या जोडणीतला बोल्ट नीट सुरक्षित केला नव्हता. जानेवारी २००३ ला अमेरिकेतच शार्लटला बीच १९०० हे छोटं प्रवासी विमान पडलं, २१ जण गेले, दोनच दिवस आधी एलेव्हेटर केबलचं काम झालेलं आणि त्यात पायऱ्या गाळलेल्या. आमच्या धंद्यात ही दोन्ही प्रकरणं शिकवतात, परीक्षेला येतात, आणि मग संध्याकाळी सहाला विमान सकाळी हवंय म्हणून फोन येतो.

वेगळं काय करता आलं असतं

मेडेचं वर लिहिलंच. चिपीचं मी अजून ठरवू शकलेलो नाही. सरांनी मोपा निवडलं ते बरोबर, पण ते वाऱ्यामुळे बरोबर ठरलं. हेच दुपारी झालं असतं, समुद्रावरचा खारा वारा सुटला असता, तर ते एका वळणात मिळणारं सरळ फायनल गेलं असतं, आणि मग पोरीचं म्हणणं ऐकायला हवं होतं.

स्कूलने दोन बदल केले. कंट्रोलच्या कामाच्या दुसऱ्या सहीसोबत आता फोटो लागतो, पिन दिसली पाहिजे. आणि इन्स्ट्रक्टरबरोबर उंचीवर, योक पुढे-मागे न करता फक्त ट्रिम आणि पॉवरने एक सर्किटभर (विमानतळाभोवतीच्या एका फेरीइतकं) उडायचा सराव सुरू केलाय. त्याला खर्च काही नाही, अर्धा तास पुरतो. माझी एकच सूचना होती की त्यात थ्रॉटल आणि ट्रिम दोन माणसांत वाटून करायचा भागही घ्या, आणि एकट्याने करायचाही, कारण सोलोवर गेलेल्या स्टुडंटला दुसरा हात मिळणार नाही. एकट्याचा भाग अजून घेतलेला नाही.

लँडिंगला विमान उसळलं ते का, यावर मात्र दोघांचं एकमत नाही. सर म्हणतात तिने "थांब" म्हटल्यावरही चाक अर्धा फेरा जास्त फिरवलं. ती म्हणते सरांनी थ्रॉटल उशिरा काढला.